‘अँडरसन पंधरा’ लिहिणारा माणूस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लूट शिकणाऱ्याच्या पिशवीत चौथ्या-पाचव्या वर्षी कधीतरी एक जाडसर पुस्तक येतं. बहुतेकदा ते झेरॉक्सच असतं. त्यावर लिहिलेलं असतं ‘अँडरसन, ओपस १५’ (ओपस म्हणजे रचनाकाराच्या प्रकाशित कृतीचा क्रमांक). आमच्यात त्याला सगळे नुसतं ‘अँडरसन पंधरा’ म्हणतात. ‘पंधरातली कुठली चालू आहे?’ एवढं विचारलं तरी पुरतं. मात्र हा अँडरसन कोण, कुठला, त्याने असल्या जीवघेण्या गोष्टी का लिहिल्या, हे वर्षानुवर्षं वाजवणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. क्लासमध्ये विद्यार्थी आणि त्यांचे आईबाबा जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत.

हा परीकथांवाला अँडरसन का?

नाही. तो हान्स क्रिश्चन. आपला तो कार्ल योआकिम अँडरसन. जन्म २९ एप्रिल १८४७, कोपनहेगन. मृत्यू ७ मे १९०९, कोपनहेगनच. अँडरसन हे डेन्मार्कमधलं अगदी घरोघरचं आडनाव आहे, आपल्याकडे जोशी-पाटील असावेत तसं. नातं काही नाही. दोघे एकाच काळी एकाच गावात होते, हे मात्र खरं. परीकथाकाराला नाटक-ऑपेराचं वेड होतं, आणि आपला अँडरसन १८६९ पासून तिथल्या रॉयल थिएटरच्या वाद्यवृंदात बसायचा. म्हणजे एकाची बासरी दुसऱ्याच्या कानावर बहुधा पडलीच असणार.

टाइपरायटरवर ऑर्केस्ट्राची गंमत करणारा अँडरसन आणखी वेगळा. तो अमेरिकन, विसाव्या शतकातला.

फ्लूट म्हणजे आपली बासरीच ना?

चुलत बहीण म्हणा. दोन्ही आडव्या धरून वाजतात, फुंकर दोन्हीकडे सारखीच कडेवर तुटते. पण आपल्या बांबूवर बोट थेट भोकावर बसतं. तिथे भोकांवर किल्ल्या असतात. आज शाळा-ऑर्केस्ट्रात दिसतो तो चांदीचा सरळ नळीचा फ्लूट म्युनिकच्या थिओबाल्ड बोमने बसवला, तोही १८४७ सालीच. वाद्य आणि वादक एकाच वर्षी जन्मले. ह्या लेखात घोळ नको म्हणून मी फ्लूटच म्हणणार आहे.

घरात संगीत होतं का?

होतं, आणि तेही फ्लूटच. वडील क्रिश्चन योआकिम अँडरसन फ्लूट वाजवायचे. त्यांनी थोरल्याला शिकवलं, धाकट्या विगोलाही शिकवलं. घरात तीन फ्लूट, म्हणजे शेजाऱ्यांची दयाच यायला हवी. योआकिम तेरा वर्षांचा असताना कोपनहेगनच्या म्युझिक सोसायटीच्या वाद्यवृंदात पहिल्या फ्लूटच्या खुर्चीवर बसला, असं सांगतात. त्या वाद्यवृंदाचा कंडक्टर होता निल्स गाडे, म्हणजे त्या काळच्या डॅनिश संगीतातला सर्वांत वजनदार माणूस. लहान वयात मोठ्या माणसाच्या नजरेखाली बसण्याची ही सवय पुढे कामाला आली.

रॉयल ऑर्केस्ट्रातली पक्की नोकरी सोडून तो परदेशी का गेला?

हा प्रश्न नेहमी आईबाबा विचारतात! सरकारी खुर्ची, राजाचा वाद्यवृंद, स्वतःचं गाव. आठेक वर्षं तिथे काढल्यावर १८७८ मध्ये अँडरसन रशियात सेंट पीटर्सबर्गला गेला.

ऑर्केस्ट्रातल्या फ्लूटवाल्याची अडचण लक्षात घ्या. व्हायोलिनवाले वीस-पंचवीस लागतात. फ्लूट लागतात दोन, फार तर तीन. म्हणजे अख्ख्या शहरात पहिल्या फ्लूटच्या धड खुर्च्या एक किंवा दोन, आणि त्यांवर बसलेला माणूस निवृत्त होईपर्यंत उठत नाही. एकोणिसाव्या शतकातले चांगले फ्लूटवादक युरोपभर भटकताना दिसतात त्यामागे मला तरी हाच साधा हिशेब दिसतो. खुर्ची जिथे रिकामी, तिथे बिऱ्हाड. त्यात ‘कलेसाठी स्थलांतर’ वगैरे भव्य काही शोधायला जाऊ नये.

सेंट पीटर्सबर्गच का?

तिथे झारचा पैसा होता आणि परदेशी वादकांची जुनी सवय होती. फ्लूटच्या बाबतीत तर ते गाव म्हणजे इटालियन लोकांची वसाहतच. चेझारे चिआर्दी तिथे वर्षानुवर्षं वाजवत आणि शिकवत होता. रशियन रचनाकार त्च्यायकोव्हस्की विद्यार्थी असताना फ्लूट शिकला तो ह्याच चिआर्दीकडे. चिआर्दी १८७७ मध्ये वारला. मोडेनाचा अर्नेस्तो कोहलर १८७१ पासून तिथे होता. त्याचीही सरावाची पुस्तकं आज आमच्या कपाटात असतात. अँडरसन ह्या मंडळींत जाऊन पडला. दोन-तीन वर्षं राहिला आणि बर्लिनला निघाला.

बर्लिन फिलहार्मोनिक त्याने स्थापन केलं, हे खरं आहे?

एकट्याने नाही. पण स्थापन करणाऱ्यांत तो होता, आणि पहिला फ्लूट त्याचाच. ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बर्लिनमध्ये बेन्यामिन बिल्झे नावाचा बँडमास्टर होता. त्याचा वाद्यवृंद लोकप्रिय होता. लोक टेबलाभोवती बसत, बिअर पीत, बायका विणकाम करत आणि समोर बीथोवन चाललेलं असे. बिल्झे पैशाला चिकट. १८८२ मध्ये त्याने वादकांना वॉर्सॉच्या दौऱ्यावर न्यायचं ठरवलं, तेही रेल्वेच्या चौथ्या वर्गातून. चौथा वर्ग म्हणजे बहुतेकदा उभ्यानेच प्रवास, आणि सोबत वाद्य. वादकांचा संयम संपला. ५४ जण एकदम बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद काढला. मालक कोणी नाही, भागीदार सगळे. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या ऑर्केस्ट्राची सुरुवात रेल्वेच्या तिकिटावरून झाली, हे ऐकून आमच्या क्लासमधली मुंबई लोकलने अप-डाऊन करणारी मुलं नेहमी खूश होतात.

पहिला कार्यक्रम १७ ऑक्टोबर १८८२ ला झाला. हॉल म्हणजे बर्नबुर्गर रस्त्यावरची, चाकाचे बूट घालून घसरायची जुनी जागा. तिचंच फिलहार्मोनी झालं. (१९४४ च्या जानेवारीत बॉम्बहल्ल्यात ती इमारत गेली.) सुरुवातीची वर्षं फाटकी होती. १८८७ मध्ये हेर्मान वोल्फ ह्या कॉन्सर्ट एजंटने लक्ष घातलं, हान्स फॉन ब्यूलोला कंडक्टर म्हणून आणलं, तेव्हा गाडी रुळावर आली. ब्राम्स, ग्रीग, त्च्यायकोव्हस्की हे ह्याच वाद्यवृंदासमोर येऊन उभे राहिले, स्वतःचं संगीत घेऊन. त्या काळात पहिल्या फ्लूटच्या स्टँडमागे हा डॅनिश माणूस होता.

आणि एक. १८६४ मध्ये प्रशिया आणि ऑस्ट्रियाने डेन्मार्कला हरवून श्लेस्विग-होल्श्टाइन तोडून घेतलं. तेव्हा अँडरसन सतरा वर्षांचा. पुढे त्याच प्रशियाच्या राजधानीत त्याने आयुष्यातली सर्वांत चांगली दहा-अकरा वर्षं काढली.

तिथे तो फक्त वाजवायचा?

नाही, सहायक कंडक्टरचं कामही करायचा. मोठ्या कंडक्टरच्या मैफिली वर्षात मोजक्याच. बाकी दिवस ‘पॉप्युलर’ म्हणवल्या जाणाऱ्या कार्यक्रमांचे. आठवड्यातून कित्येकदा, खाणंपिणं चालू असताना. उन्हाळ्यात बर्लिन रिकामं होई, मग हाच वाद्यवृंद हॉलंडच्या किनाऱ्यावर स्खेव्हेनिंगेनला जाई आणि तिथल्या कुरहाउसमध्ये समुद्राची हवा खायला आलेल्यांना संगीत ऐकवी. डच राष्ट्रगीतावरची अँडरसनची एक फँटसी (म्हणजे ओळखीच्या धुनीवर मोकळेपणाने रचलेला तुकडा) आहे, ओपस ३५. डॅनिश माणसाने डच गाण्यावर का लिहिलं असावं, याचं उत्तर मला ह्या उन्हाळ्यांत दिसतं. पोट जिथे भरतं तिथली धून वाजवावी लागते. आपल्याकडच्या बँडवाल्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

त्याने वाजवणं का थांबवलं?

जीभ.

फ्लूट न वाजवणाऱ्यांना याचा अर्थ चटकन कळत नाही. ‘फुंकायला ओठ लागतात, जिभेचं काय?’ असं विचारतात. जरा करून बघा. ओठ मिटत आणा, हलकी फुंकर सोडा, आणि जिभेच्या टोकाने ‘तु-तु-तु-तु’ करा. प्रत्येक ‘तु’ला एक सूर सुटतो. जलद हवं तर ‘तु-कु-तु-कु’. टोक आणि मागचा भाग आळीपाळीने. तबल्याचे बोल तोंडाने म्हणणाऱ्याला हे लगेच जमतं. स्वरांना सुरुवात देणारी जीभ आहे. ती नसेल तर सगळे सूर एकमेकांना चिकटतात, चिखलासारखे. बांबूच्या बासरीवर मींडेने, बोटाच्या घसरणीने पुष्कळ निभतं. सिम्फनीतल्या फ्लूटवाल्याचं नाही निभत.

१८९२ च्या सुमारास अँडरसनच्या जिभेला अंशतः लकवा झाला. वय पंचेचाळीस. बोटं ठीक, श्वास ठीक, कान ठीक, आणि तरी खुर्ची गेली. १८९३ मध्ये तो कोपनहेगनला परतला.

इथे मी नेहमी थांबतो. कारण त्याच्या १८८ सरावाच्या रचनांपैकी शेवटचे दोन संच, ओपस ६० आणि ओपस ६३, ह्यानंतरचे आहेत. ओपस ६० ला त्याने नाव दिलं ‘स्कूल ऑफ व्हर्च्युऑसिटी’ अशा अर्थाचं. सगळ्यांत अवघड संच तो. त्यातली कित्येक पानं अशी आहेत की जिभेची खरी परीक्षा होते. स्वतःला जे आता करता येत नव्हतं, ते त्याने कागदावर लिहिलं. यावर कोणी हळवी गोष्ट रचू शकेल. मला मात्र ती पानं वाजवताना हळवं काही सापडत नाही. ती चक्क कठोर आहेत. हिशेबी. जीभ अवयव म्हणून काय करू शकते, हे नेमकं माहीत असलेल्या माणसाने लिहिलेली.

१८८ हा आकडा कसा?

आठ पुस्तकं. ओपस १५, २१, ३०, ३३, ६० आणि ६३ ह्या सहांत प्रत्येकी २४. ओपस ३७ मध्ये २६ छोटे कॅप्रिस, म्हणजे लहरी, खेळकर तुकडे. ओपस ४१ मध्ये १८. बेरीज करा.

२४ चं कारण साधं आहे: पाश्चात्त्य संगीतातल्या बारा मेजर पट्ट्या, बारा मायनर पट्ट्या. ओपस १५ मध्ये पहिली रचना सी मेजर, दुसरी ए मायनर, तिसरी जी मेजर, चौथी ई मायनर, अशा क्रमाने सगळं वर्तुळ पुरं होतं. म्हणजे पुस्तक संपेपर्यंत कुठलीही पट्टी तुम्हाला अनोळखी राहत नाही. सहा शार्प (चढे स्वर), पाच फ्लॅट (उतरे स्वर), सगळीकडे राहून येता.

मग हे आपल्या पलट्यांसारखंच झालं की!

अर्धं. पलटा हा मुद्दाम रुक्ष असतो. त्यात रचनाकाराचं नाव नसतं. अँडरसनच्या एतूदमध्ये (सरावासाठी लिहिलेल्या रचनेला आम्ही एतूद म्हणतो, उच्चारावर भांडू नका) व्यायामही आहे आणि गाणंही. ओपस १५ मधली तिसरी, जी मेजरमधली, घ्या. पानभर बारीक स्वर दिसतात. नवीन विद्यार्थी ते सगळे सारख्या जोराने वाजवतो, आणि शिवणयंत्र चालल्यासारखं ऐकू येतं. मग त्याला सांगावं लागतं: बाबा, यातले ठरावीक स्वरच गाणं आहेत, बाकीचे त्यांच्याखालची साथ. एकाच फ्लूटवर तू गायकही आहेस आणि पेटीवालाही. गाण्याचे स्वर जरा धरायचे, साथीचे मागे सारायचे. हे जमलं त्या दिवशी घरचे खोलीत डोकावून विचारतात, ‘हे नवीन आहे का?’ महिनाभर तेच चालू असतं.

ह्याचं मूळ मला ऑर्केस्ट्रातल्या खुर्चीत दिसतं. सिम्फनीत फ्लूटवाला कधी गाणं वाजवतो, कधी साठ जणांच्या आत साथीचे स्वर भरतो, आणि ह्या दोन्हींत क्षणात बदल करावा लागतो. ओपस १५ बर्लिनमधल्या नोकरीच्या काळात निघालं. दिवसा जे वाजवत होता, तेच त्याने एका माणसापुरतं कागदावर उतरवलं असं मला वाटतं. फ्लूट शिकवणारे त्याला तंत्राचा मास्तर म्हणून बाजूला ठेवतात, हे मला पटत नाही.

त्याला ‘फ्लूटचा शोपँ’ म्हणतात, ते योग्य आहे का?

२४ पट्ट्या आणि सरावातून संगीत काढणं, एवढ्यापुरतं. त्यापुढे नको. शोपँ हा पियानोचा रचनाकार, तो घरी पियानोवर बसून जग उलटंपालटं करतो. अँडरसन हा नेमाने ड्यूटीवर जाणारा माणूस. त्याच्या सुसंगतींत, म्हणजे स्वरांच्या एकमेकांशी जुळणीत, धक्के फार नसतात. अशा उपमांनी पुस्तकं खपतात, वाजवणाऱ्याचं काही भलं होत नाही.

सरावाशिवाय त्याने काही लिहिलं की नाही?

भरपूर, आणि जवळपास सगळं फ्लूटसाठीच. ‘बॅलड आणि परींचा नाच’ अशा अर्थाची ओपस ५ सुंदर आहे, मैफिलीत अजून ऐकू येते. ओपस ५५ मधलं स्केर्त्सिनो हा दीड-दोन मिनिटांचा खोडकर तुकडा. गॅदरिंगला हमखास टाळ्या. ‘नॉर्मा’, ‘डॉन जोव्हान्नी’ अशा ऑपेरांतल्या धुनींवरच्या फँटसी आहेत. त्या काळी रेकॉर्ड नव्हत्या, तेव्हा आवडलेला ऑपेरा दिवाणखान्यात आणायचा हाच मार्ग होता. स्वीडिश लोकनृत्यांच्या धुनीही त्याने बसवल्या आहेत. ऑपेरा फँटसी मला स्वतःला लांबट वाटतात. बॅलड मात्र सोडू नका.

पॅरिसमध्येही त्याला मान होता. पॅरिस कंझर्व्हेटरीत त्या वेळी पॉल तफानेल शिकवत होता, आणि तिथल्या वार्षिक स्पर्धेसाठी १८९० च्या दशकात अँडरसनच्या रचना ठेवल्या गेल्या. फ्रेंच लोक फ्लूटच्या बाबतीत बाहेरच्याला सहज दारात उभं करत नाहीत, त्यामुळे ही मोठीच गोष्ट.

परतल्यावर काय केलं?

हातात काठी घेतली, म्हणजे कंडक्टरची. कोपनहेगनमध्ये रविवारच्या, सामान्य माणसाला परवडतील अशा ‘पॅलेस कॉन्सर्ट’ सुरू झाल्या, त्या त्याने चालवल्या. टिवोली ह्या प्रसिद्ध बागेत (१८४३ पासूनची, पाळणे, दिवे, कारंजी आणि मध्येच सिम्फनी) उन्हाळ्याचा वाद्यवृंद शेवटपर्यंत त्याच्याकडे होता. ऑर्केस्ट्रात वाजवणारे तयार व्हावेत म्हणून त्याने शाळा काढली. ही कल्पना मला फार शहाणपणाची वाटते. एकट्याने कॉन्चेर्टो (एका वादकाला पुढे ठेवून ऑर्केस्ट्राने साथ करायची रचना) वाजवणारे सगळीकडे शिकवले जातात. शेजारच्याचं ऐकून त्याच्याशी सूर जुळवणारा शिकवायला कोणी बसत नाही. शिस्तीला फार कडक होता म्हणतात. १९०५ मध्ये त्याला दानेब्रोग हा डॅनिश शाही सन्मान मिळाला. चार वर्षांनी तो गेला, ६२ व्या वर्षी.

आणि धाकटा भाऊ?

विगो आणखी लांब गेला, अमेरिकेला. थिओडोर थॉमसने १८९१ मध्ये शिकागोत वाद्यवृंद उभा केला (आजचा शिकागो सिम्फनी), त्यात पहिला फ्लूट विगो अँडरसनचा. म्हणजे काही काळ एक भाऊ बर्लिनमध्ये आणि दुसरा शिकागोत, दोन मोठ्या वाद्यवृंदांच्या एकाच खुर्चीवर. विगोने १८९५ मध्ये शिकागोत स्वतःचं आयुष्य संपवलं. थोरल्याची जीभ गेली त्याला तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती.

आपल्याकडे असे बाहेरून आलेले ऑर्केस्ट्रावाले आहेत का?

आहेत की, मुंबईत. एनसीपीए ह्या कलाकेंद्राचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ मध्ये सुरू झाला तेव्हा त्यातले बरेच वादक कझाकस्तान आणि इतर देशांतून आलेले होते. नरिमन पॉइंटला मैफल संपल्यावर वाद्याची पेटी खांद्याला लावून टॅक्सी शोधणारे गोरे चेहरे मी पाहिले आहेत. खुर्ची जिथे रिकामी, तिथे बिऱ्हाड.

माझी मुलगी दोन वर्षं शिकते आहे. ओपस १५ आणू का?

नका. आधी ओपस ४१, मग ३७, मग ३३. त्यानंतर २१ आणि ३०. पंधरा त्याच्याही पुढे. साठ तर घरात ठेवूच नका, मुलं उत्साहात उघडतात आणि महिनाभर वाद्याकडे बघत नाहीत. आठवड्याला एकच एतूद, आणि तीही आधी अर्ध्या वेगाने. मेट्रोनोमला, म्हणजे ठोके देणाऱ्या यंत्राला, टाळू नका.

श्वास कुठे घ्यायचा? पानभर विरामच नाही!

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. अँडरसन सोळांशाच्या (एका ठोक्यात चार) स्वरांची न थांबणारी माळ ओततो आणि फुप्फुसाचा विचार तुमच्यावर सोडतो. सर्वमान्य युक्ती अशी: ठोक्याच्या पहिल्या स्वरानंतरचा एखादा बिनमहत्त्वाचा स्वर गाळा आणि तिथे झटकन नाकातोंडाने श्वास ओढा. बारच्या रेषेवर (नोटेशनमध्ये ठोक्यांचे गट पाडणाऱ्या उभ्या रेषेवर) मात्र नको, तिथे वाक्य तुटतं. कुठला स्वर गाळायचा हे आधी ठरवा आणि पेन्सिलीने स्वल्पविराम करा. माझ्या जुन्या प्रतीत माझ्या गुरुजींचे स्वल्पविराम आहेत, त्यांच्या शेजारी माझे, आणि आता काही विद्यार्थ्यांचे. वय वाढतं तसे स्वल्पविराम जवळ जवळ यायला लागतात.

नोटेशन फुकट मिळतं का?

मिळतं. त्याला जाऊन शंभरावर वर्षं झाली, कॉपीराइट केव्हाच संपला. जुन्या छापील आवृत्त्यांच्या स्कॅन प्रती इंटरनेटवर आहेत. प्रिंट काढताना पान जरा मोठं करून घ्या. जुन्या स्कॅनमध्ये वरच्या रेषांवरचे स्वर आणि त्यांच्या शेजारचे फ्लॅट पुसट होतात, आणि मग आठवडाभर चुकीचा स्वर घोटून क्लासला येणारा कोणीतरी दरवर्षी निघतोच.